वाचकांचे प्रश्न : ग्रेट स्लेव्ह लेकवर गरवायला जाताना

प्रश्न : आम्ही चौघे मूळचे देवगडचे, आता एडमंटनला असतो. जुलैत आठ दिवस कॅनडाच्या उत्तरेकडच्या ग्रेट स्लेव्ह लेकवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचा बेत आहे. १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट आणि गावाहून आणलेलं खाडीतलं सामान आहे. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : सामानाचं थोडंफार भागेल, बोटीचं नाही. 'तळं' हा शब्द आधी डोक्यातून काढा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तर त्यांच्या दुप्पट पसारा, सुमारे २७,००० चौरस किलोमीटर. सर्वांत खोल ठिकाणी ६१४ मीटर. पश्चिमेचा भाग मात्र उथळ आहे. वारा सुटला की तिथे लाटा आखूड आणि उभ्या येतात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी अंगावर. म्हणून निदान १८ फुटी, उंच कडांची बोट हवी. पहिल्या खेपेला तळ्याकाठच्या यलोनाइफ शहरातून स्थानिक वाटाड्या बोटीसकट घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर जेवणात वाचवा.

आठ दिवसांपैकी तीन दिवस वाऱ्याच्या नावाने आधीच सोडून द्या. अपघाताची भीती परतीच्या दिवशी जास्त, कारण सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. मुक्काम लांब असेल तर एक दिवस आधीच धक्क्याजवळ या. जुलैत रात्री अकरालाही उजेड असतो आणि वारा बऱ्याचदा संध्याकाळनंतर पडतो. तेव्हा दुपारी झोपा, रात्री गरवा.

इंधनाचा हिशोब असा : ४० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १५ लिटर पेट्रोल खातं. जाऊन-येऊन १०० किलोमीटर म्हणजे तीनेक तास, ४५ लिटर. त्यावर निम्मं राखीव धरून ६८ लिटर बरोबर हवं. लाटेत बोट पाण्यावर उचलली जात नाही, मग तेवढ्याच अंतराला बरंच जास्त जळतं. राखीव त्यासाठी आहे.

पाणी बर्फासारखं गार. मोठ्या भागावरचा बर्फ जूनच्या मध्यापर्यंत टिकतो. पाण्यात पडल्यावर पहिला मिनिट नुसती धाप लागते, दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, शुद्ध तासभर टिकते. देवगडच्या खाडीत पोहणारा इथे दहा मिनिटांचाच. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं. शहरापासून लांब मोबाइलला रेंज नाही. उपग्रहावरून संदेश धाडणारं यंत्र भाड्याने घ्या आणि रोज कुठे जाणार ते कागदावर लिहून किनाऱ्यावरच्या कुणाकडे तरी द्या.

आता सामान. जुनं तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) टाकून द्या, उन्हाने ते कडक झालेलं असतं. ३० पौंडी विणलेली दोरी, पुढे दोन मीटर २० पौंडी फ्लोरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारी दोरी). पौंडांचा आकडा म्हणजे दोरी किती ताण सोसते तो. लव्हाळ्याच्या उथळ खाड्यांत पाइक हा मासा असतो, तो दातांनी तंगूस कापतो. तिथे ३० सेंटिमीटर तारेचा तुकडा जोडा. गऱ्यांवरचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, तिथल्या कायद्याने तो चालत नाही. लेक ट्राउट या माशाला १२-१३ सेंटिमीटरचा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) बोटीमागून ताशी ३-४ किलोमीटर वेगाने ओढा. सोडण्याआधी तो बोटीच्या कडेला धरून बघा : डावी-उजवीकडे डुलला पाहिजे. गरगर फिरायला लागला तर वेग जास्त आहे. अर्ध्या तासात दोरीला पीळ पडून रिळावर गुंता होतो. म्हणून दोरी आणि चमच्याच्या मध्ये फिरकीची कडी लावायला विसरू नका.

ट्राउटला थंड पाणी लागतं. ईस्ट आर्ममध्ये, म्हणजे तळ्याच्या पूर्वेकडच्या फाट्यात, वरचं पाणीही थंड राहतं, त्यामुळे जुलैतही तो पाच-दहा मीटरवर सापडतो. तिथे बेटांचा आडोसाही आहे. पण त्या बाजूला २०१९ पासून थायडेने नेने राष्ट्रीय उद्यान आहे. मासेमारीच्या नेहमीच्या परवान्याखेरीज तिथे काय लागतं ते निघण्याआधी विचारा. मोठा ट्राउट अनेक दशकांचा असतो, या गारव्यात तो फार सावकाश वाढतो. तो सोडा, खायला लहान ठेवा.

एडमंटनहून गाडीने येणार असाल तर वाटेत फोर्ट प्रॉव्हिडन्स या गावानंतर रस्त्यावर बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, बसलेले असतात. अंधारात ते दिसत नाहीत.

प्रश्न : पाइकला काटे फार म्हणतात. खायचा कसा?

उत्तर : चव उत्तम, त्रास त्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या काट्यांचा. ते पाठीच्या मांसात डोक्यापासून पाठीच्या पराच्या आसपासपर्यंत असतात. शेपटीकडचा भाग मोकळा. तुकडी सोलून घेतल्यावर बोटाने चाचपा, टोकांची रांग लागते. रांगेच्या दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन ती पट्टी काढून टाका. एवढा खटाटोप नको असेल तर तुकडीवर दर तीन मिलिमीटरला सुरीने चिरा द्या, मीठ, हळद, तिखट लावा, रव्यात घोळवून कडक तळा. बारीक काटे कुरकुरीत होतात. ट्राउटला हे करू नका. तो तेलकट असतो, तव्यावर स्वतःच्याच तेलात होतो.