काटा लावायच्या आधी

प्रिय बाबू,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. गावात कापूस विकत घेणाऱ्या खेडा खरेदीच्या काट्यावर लागलास, हे वाचून बरं वाटलं. पण दुसऱ्याच आठवड्यात मालकानं क्विंटलमागं दोन किलो दाबायला सांगितलं, त्यात तुझाही वाटा ठेवला. वर म्हणाला, "इतकं तं सारेच करतात, कोणाले समजते?" बहिणीचं लग्न तोंडावर, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि तुझं मन डळमळतंय. तेवढ्यावरून स्वतःला पापी ठरवू नकोस. मोह होणं म्हणजे पाप नव्हे. आपला प्रभूही सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असं इब्री लोकांस पत्रात स्पष्ट लिहिलंय.

मत्तयाचा चौथा अध्याय काढ. येशूचा चाळीस दिवसांचा उपास झालेला, आणि सैतान म्हणतो, दगडांच्या भाकरी कर. भूक खोटी नव्हती आणि भाकरीही वाईट नव्हती. तसंच बहिणीचं लग्न वाईट नाही. सैतान खऱ्या गरजेच्या दारानंच आत शिरतो. मंदिराच्या टोकावर तर त्यानं बायबलच्याच ९१व्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवलं. "मिळतील त्यातले चर्चला दे," असं मालक तुला म्हणाला, ते वाचून माझ्या काळजात धस्स झालं. लुबाडलेल्या पैशाचा दशमांश देवाला नको रे.

येशूनं तिन्ही वेळा उत्तर दिलं ते बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, ८व्या आणि ६व्या अध्यायातून. ऐन वेळी शोधत बसला नाही, वचन आधीच मनात होतं. त्याच पुस्तकाच्या २५व्या अध्यायात, थैलीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नकोस, असं देवानं बजावलंय. १३ ते १६ ही वचनं आज रात्रीच पाठ कर. समोर गाडी उभी, मागं मालक उभा, अशा वेळी बायबल उघडायला सवड मिळत नाही. जे जिभेवर असेल तेच कामी येतं.

आणि ते दोन किलो कुणाचे, तेही बघ. वेचणीची मजुरी किलोवर असते. म्हणजे तू दाबशील त्या कापसाची वेचणी शेतकऱ्यानं आधीच चुकती केलेली असते. वीस क्विंटलमागं चाळीस किलो! वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी वेचणाऱ्या बायांची नखांजवळची कातडी सोलून निघते. तुझ्या आईचे हात दिवाळीनंतर कसे होतात, हे मी तुला काय सांगू?

करिंथकरांस पहिल्या पत्रात, १०व्या अध्यायात, पौल म्हणतो की परीक्षेबरोबर देव निभावून जाण्याचा उपायही करतो. ती वाट बहुतेकदा सुरुवातीलाच असते. पहिल्या गाडीला हात मारला की दहाव्या गाडीला नाही म्हणायला तोंड उरत नाही. योसेफाला त्याचा मालक पोटीफर याच्या बायकोनं मोहात ओढलं, तेव्हा तो तिच्याशी वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. त्याबद्दल त्याला तुरुंग मिळाला, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुझंही काम जाऊ शकतं. पण तुरुंगातही परमेश्वर त्याच्याबरोबर होता, असं उत्पत्तीच्या पुस्तकात तिथंच लिहिलंय, आणि माझा त्यावर पूर्ण भरवसा आहे.

तेव्हा उद्या काटा लागायच्या आधी मालकाला एकट्यात गाठ. चारचौघांत बोलून त्याचा पाणउतारा करू नकोस. एवढंच सांग, "मापात पाप माझ्या हातून होणार नाही, बाकी कितीही राबवून घ्या." ठेवलं तर मान मोडून काम कर. पुढच्या हंगामात तो पुन्हा विचारेल, तयार राहा. सैतान येशूलाही संधी मिळेपर्यंतच सोडून गेला, असं लूक सांगतो.

काढून टाकलं तर तोंड लपवत फिरू नकोस, सरळ माझ्याकडे ये. माझ्या तुरीला माणूस लागतोच आहे. लग्नाच्या खर्चाचं तुझ्या आईशी आणि पाळकांशी मी बोलतो. रविवारी उपासना सुटल्यावर थांब, आपण दोघं मिळून प्रार्थना करू.

तुझे,
काकाजी