टिपची रक्कम काउंटरवर जाऊन रद्द करावी का?

(बोटीवरच्या प्रवासाबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देतो. मी वेंगुर्ल्याचा. १९९६ ते २०१८ अशी बावीस वर्षं क्रूझ बोटींवर होतो. बहुतेक काळ केबिन स्टुअर्ड, म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या आवरणारा, शेवटची काही वर्षं हाउसकीपिंगचा सुपरवायझर.)

प्रश्न : काका, नमस्कार. यांच्या साठीनिमित्त आम्ही दोघं, मुलगा आणि सून असे चौघं मे महिन्यात बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला निघालोय. तिकिटाचे पैसे भरून झालेत. आता कागद वाचताना दिसलं, की बोटीवर माणशी रोज १२ युरो ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लागणार. चौघांचे मिळून ३३६ युरो होतात, म्हणजे तीस हजारांच्या वर. माझे दीर म्हणतात, दुसऱ्याच दिवशी काउंटरवर जायचं, ते काढून टाकायला सांगायचं, आणि ज्यांनी आपलं केलं त्यांच्या हातात शेवटी पैसे ठेवायचे. कंपनीच्या घशात कशाला घालायचे? ते गेल्या वर्षी तसंच करून आले. मला त्यांचं पटतंही आणि मन खातंही. तुम्ही आतले आहात, म्हणून विचारते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, रद्द करू नका. तुमचं मन खातंय ते बरोबर खातंय.

तुमच्या दिरांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे दिवाळीला पोस्त देतात तसं हे त्यांना वाटतंय : काम आवडलं तर द्यावं, नाही तर राहू द्यावं. पण बोटीवर ही रक्कम म्हणजे त्या माणसांच्या पगाराचाच भाग आहे. मी १९९६ साली मायामीहून पहिल्यांदा साइन ऑन झालो, तेव्हा माझ्या कॉन्ट्रॅक्टवर मूळ पगार लिहिला होता महिन्याला ५० डॉलर. पन्नास. बाकी सगळं पाहुण्यांच्या टिपमधून. आता पद्धत सुधारली आहे, बऱ्याच ठिकाणी ठरावीक रकमेची हमी असते. तरी त्या हमीच्या वरचं जे काही घरी जातं, ते याच सर्व्हिस चार्जमधून.

त्या वेळी आपोआप काही लागत नसे. शेवटच्या रात्री आम्हीच केबिनमध्ये छोटी पाकिटं ठेवायचो, पाहुणे त्यात पैसे घालून द्यायचे. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं ठरलेली असत. साती रात्री तेच पाहुणे, तोच वेटर. माझ्या केबिनमधला जोडीदार गोव्यातल्या माजोर्ड्याचा, वेटर होता, आमच्या भाषेत पक्का तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, वडीलही बोटीवर होते. दहाजणांचं एक टेबल त्याच्याकडे होतं. आठवडाभर त्यांनी त्याला नावानं हाक मारली, लॉबस्टरच्या रात्री तीन-तीनदा मागून खाल्लं, मुलांचं मांस त्यानं स्वतः कापून दिलं. शेवटच्या रात्री त्या टेबलावर कोणी आलंच नाही. सगळे वरच्या बुफेत जेवले, पाकीट द्यायला लागू नये म्हणून. मी साडेदहाला खाली उतरताना हॉलच्या दारातून डोकावलो. दहा नॅपकिन पंख्याच्या घडीत तसेच उभे होते, पाण्याचे ग्लास भरलेले, आणि हा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. हेडवेटरनं सांगितल्याशिवाय टेबल आवरता येत नाही. त्या महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं.

हे एकदा घडलं नाही. दर आठवड्याला कुणाच्या तरी वाट्याला यायचं. म्हणून पुढे कंपन्यांनी रक्कम थेट पाहुण्याच्या बोटीवरच्या खात्यावर लावायला सुरुवात केली. आमच्या बोटीवर ते सुरू झालं तेव्हा मला पहिल्यांदा पुढच्या महिन्यात घरी किती पाठवता येतील ते आधी सांगता आलं. वेंगुर्ल्याच्या घराचा स्लॅब मी त्या हिशेबावर घातला.

आता ‘ज्यांनी आपलं केलं त्यांच्या हातात’ या वाक्याबद्दल. तुम्हाला दिसतील ती माणसं तीन-चार : केबिन स्टुअर्ड, वेटर, त्याचा असिस्टंट, फार तर बारवरचा. तुमच्या चादरी धुणारा दिसणार नाही. लाँड्री सगळ्यात खालच्या मजल्यांवर असते, मशीन दिवसरात्र चालू. तिथली हवा अंगाला चिकटते. भांडी घासणारे, मध्यरात्री जिने पुसणारे, बुफेच्या मागे ताटं लावणारे, हे सगळे या सर्व्हिस चार्जमध्ये वाटेकरी आहेत. तुम्ही काउंटरवर जाऊन रक्कम काढली, की त्यांचा वाटा गेला. मग तुम्ही वेटरच्या हातात कितीही ठेवा, लाँड्रीतल्या पोराला त्यातलं काही पोचत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी दिरांना बहुधा माहीत नसावी. मी ज्या कंपनीत होतो तिथं नियम असा होता, की पाहुण्यानं खात्यावरची टिप काढून हातात रोख दिली, तर ती रोख आम्ही ऑफिसात जमा करायची. बऱ्याच कंपन्यांत असाच नियम आहे. खात्यावर पूर्ण भरून वर काही दिलं, तरच ते आमचं. म्हणजे दिरांनी ज्याच्या हातात प्रेमानं पैसे ठेवले, त्यानं ते कदाचित त्याच दिवशी पुढे जमा केले असतील.

तुम्ही म्हणाल, पगार द्यायचं काम कंपनीचं, पाहुण्यांवर का टाकायचं? अगदी खरं. मी बावीस वर्षं हेच म्हणत आलो. बोट अमेरिकेतून सुटते पण नोंदणी बहामाची किंवा पनामाची, त्यामुळे अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा आम्हाला लागू नाही. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अंमलात आला, भारतानंही २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे : दिवसात १४, आठवड्यात ७२. मर्यादा म्हणून हे आकडे वाचा, म्हणजे कामाचा अंदाज येईल. काही कंपन्यांनी मार्ग बदलला. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं २०१९ पासून वेगळा चार्ज काढून तो तिकिटातच धरला. सगळ्यांनी तसं करावं असं माझं ठाम मत आहे. पण तुमच्या बोटीवर तसं होईपर्यंत, हा भांडणाचा मुद्दा काउंटरवर सोडवायला गेलात तर कंपनीचं काही जात नाही, त्या पोरांचं जातं.

एक गोष्ट सांगायला मला जड जातं, पण सांगतो. नवा प्रवास सुरू होण्याच्या आदल्या रात्री आम्हाला येणाऱ्या पाहुण्यांची यादी मिळायची. त्यात ओळीनं आपल्याकडची आडनावं दिसली, की शेजारच्या सेक्शनमधले सहकारी एकमेकांकडे बघायचे. टिप काढून टाकतील हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असायचं. मी तिथंच उभा असायचो. काही म्हणायचे नाहीत, माझ्या समोर म्हणून. मला ते फार लागायचं. सगळे आपले लोक तसे नव्हते, हेही मी पाहिलंय.

सांगलीचं एक कुटुंब होतं, आजी बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘बाळ, तुला दुपारी झोपायला मिळतं का?’ मी सांगितलं, अठरा केबिन आहेत, सकाळी सातपासून दीडपर्यंत, मग संध्याकाळी साडेपाचला पुन्हा सुरू. सगळ्या केबिन वेळेत झाल्या तर मिळते. दारावर ‘डिस्टर्ब करू नका’ची पाटी दुपारपर्यंत लटकलेली असली, की त्या केबिनसाठी थांबावं लागतं आणि झोप जाते. त्या दिवसापासून त्यांची पाटी सकाळी नऊच्या आत निघायची. आजी सगळ्यांना बाहेर काढून स्वतः शेवटी निघायच्या. त्या आठवड्यात मी रोज दोन तास झोपलो. आजींनी शेवटी दहा डॉलरही दिले, ते खर्च झाले. ती झोप अजून लक्षात आहे.

म्हणून ताई, पैशाशिवाय तीन गोष्टी करा. नऊपर्यंत केबिन मोकळी करून द्या. बाथरूममध्ये जेटस्प्रे नसतो, आपण ग्लासनं किंवा बाटलीनं पाणी घेतो. ते घ्या, पण जमिनीवर सांडलेलं टॉवेलनं ओढून घ्या. कार्पेटखाली पाणी गेलं की वास येतो आणि त्याचा जाब स्टुअर्डला द्यावा लागतो. आणि तिसरी, सगळ्यात मोठी : प्रवासाच्या शेवटी मेलवर जो अभिप्रायाचा फॉर्म येतो, तो भरा आणि त्यात माणसाचं नाव लिहा. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश असतो, त्याचा पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा. ‘स्टाफ चांगला होता’ असं लिहून कुणाचंच काही होत नाही. नाव आलं की ते त्याच्या फाइलला लागतं, बढती आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यावर बघितलं जातं. मी सुपरवायझर झालो तो अशाच नावांवर.

वर काही द्यायची इच्छा असेल, तर चौघांच्या मिळून केबिन स्टुअर्डला वीस-तीस युरो, आणि रोज एकाच वेटरकडे जेवत असाल तर त्यालाही तेवढे. बंधन नाही. पण देण्याची वेळ सांभाळा. उतरायच्या सकाळी देऊ नका. त्या दिवशी तो पहाटे साडेपाचपासून पलंग उघडे करत असतो, दुपारी एकला नवे पाहुणे दारात. आदल्या संध्याकाळी, पलंग आवरायला येईल तेव्हा हातात द्या. उशीवर नुसती नोट ठेवू नका. पाहुण्यांची विसरलेली वस्तू समजून ती ऑफिसात जमा करावी लागते, चोरीचा आळ नको म्हणून. ठेवायचीच तर पाकिटावर त्याचं नाव लिहा. नाणी देऊ नका, ती सहसा बदलून मिळत नाहीत.

बारवर मात्र जपा. पेयाच्या बिलात बहुतेक बोटींवर १५ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, आणि खाली ‘टिप’ची ओळ पुन्हा रिकामी असते. घाईत ती भरली की दुप्पट जातं. तिथं आडवी रेघ मारून सही करा, कुणी वाईट मानत नाही.

कॅप्टन, इंजिनियर, डॉक्टर यांना पैसे द्यायचे नसतात. यजमानांना साठीच्या शुभेच्छा. वाढदिवस बोटीवर येत असेल तर पहिल्याच रात्री हेडवेटरला सांगा, गाणं म्हणायला सगळा हॉल गोळा करतात.

प्रश्न : आम्ही सिंगापूरची टूर कंपनीबरोबर करतोय, त्यात तीन रात्री क्रूझ आहे. टूरच्या पैशात ‘टिप्स’ म्हणून रक्कम घेतली आहे. मग बोटीवर वेगळी द्यावी लागेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कंपनीला एवढंच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या : ‘या टिप्समध्ये बोटीवरचा सर्व्हिस चार्ज आधीच भरलेला आहे का, की हे फक्त बसचा ड्रायव्हर आणि गाइडसाठी?’ भरलेला असेल तर बोटीवरच्या तुमच्या खात्यावर तो दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी केबिनमधल्या टीव्हीवर किंवा बोटीच्या ॲपवर खातं उघडून बघा. तरीही लागलेला दिसला तर टूर मॅनेजरला घेऊन काउंटरवर जा. तुमचे पैसे एकदा गेलेत, दोनदा देण्याचं कारण नाही.

प्रश्न : माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट झाला आहे. एक एजंट त्याला बोटीवर केबिन स्टुअर्ड म्हणून लावतो म्हणतो, अडीच लाख मागतो. म्हणतो, टिप एवढी मिळते की सहा महिन्यांत वसूल होतात. दागिने ठेवून पैसे उभे करायचा विचार आहे.
— एक आई, कुडाळ

उत्तर : वहिनी, एक रुपयाही देऊ नका, दागिने कपाटात ठेवा. ज्या आंतरराष्ट्रीय कराराबद्दल वर लिहिलं, त्यातच स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घेता येत नाही. नोकरी लागताना खर्च त्याचा स्वतःचा फक्त पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि ठरलेली मेडिकल, एवढाच. बोटीवरच्या सुरक्षिततेचे सुरुवातीचे कोर्स, ज्यांना एसटीसीडब्ल्यू म्हणतात, ते त्यानं आधी स्वतः मान्यताप्राप्त संस्थेत करून घ्यावेत. भारतात बोटीवर माणसं भरणाऱ्या एजंटाला डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा, परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. एजंटाकडे नंबर मागा आणि तो तिथं जुळतो का ते मुलाला बघू दे.

टिपचं म्हणाल, तर पहिल्या कॉन्ट्रॅक्टला नवा मुलगा बहुधा असिस्टंट म्हणून लागतो, आणि त्याचा वाटा स्टुअर्डपेक्षा कमी असतो. सहा महिन्यांत अडीच लाख उरवून दाखवणारा असिस्टंट मी पाहिलेला नाही. मुलाला जायचंच असेल तर कोर्सच्या आणि सीडीसीच्या तयारीला या आठवड्यात लागायला सांगा. पुढच्या अंकात मी मुलाखतीत काय विचारतात ते लिहिणार आहे, तोपर्यंत त्यानं रोज एक पलंग चार कोपरे ताठ बसवून चार मिनिटांत लावायची सवय करावी. मुलाखतीत मला तेच करून दाखवायला सांगितलं होतं.