बोलणं गायब, संगीत शाबूत: फाईल करप्ट नाही, केबल बघा

तुम्ही लिहिलंय की सामुदायिक रेडिओसाठी केलेल्या तुमच्या विज्ञान कार्यक्रमाच्या लोणार विवरावरच्या भागात निवेदन आणि संगीत नीट वाजतं, शास्त्रज्ञ बाईंची मुलाखत घरी हेडफोनवर स्वच्छ ऐकू येते, पण मोबाईलच्या स्पीकरवर गायब. गाडीतल्या रेडिओवर येते, मध्येच जाते. आणि रेडिओ केंद्राने आता मोनो एमपीथ्री, म्हणजे डावा-उजवा आवाज मिसळून एकच केलेली फाईल, मागितली आहे. एवढं वाचूनच रोग कळला, कारण याच खड्ड्यात आम्ही पडलो होतो. ती मोनो फाईल आज बनवू नका. आधी रेकॉर्डरच्या कार्डावरची मुलाखतीची मूळ वेव्ह (.wav) फाईल शोधा, दोन ठिकाणी कॉपी करा, मग पुढचं वाचा.

(मी इंजिनियर नाही. लक्षणं तंतोतंत जुळतात म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय.)

स्टिरिओ फाईलमध्ये डाव्या आणि उजव्या कानाचे दोन चॅनेल असतात. तुमच्या मुलाखतीत उजवा चॅनेल डाव्याच्या बरोबर उलट आहे. तीन पिनांच्या (एक्सएलआर) माइकमध्ये पिन 1 अर्थिंगची, पिन 2 वर सिग्नल आणि पिन 3 वर तोच सिग्नल उलटा असतो. अशा माइकला बाजारातली साधी एक्सएलआर ते साडेतीन मिलिमीटर (हेडफोनच्या पिनेसारखी) केबल लावून रेकॉर्डरच्या स्टिरिओ सॉकेटमध्ये खुपसलं की पिन 2 डावीकडे जाते, पिन 3 उजवीकडे. सभागृहाच्या साउंड मिक्सरच्या बॅलन्स्ड (असाच सुलटा-उलटा सिग्नल देणाऱ्या) आउटपुटमधून व्याख्यान घेतानाही हेच होतं. हेडफोनमध्ये दोन कानांना दोन वेगळे आवाज मिळतात म्हणून सगळं ठीक वाटतं. फार तर बोलणारा माणूस समोर नसून डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटतो. ती पोकळ जाणीव हीच खूण, पण दमलेल्या कानांना ती कळत नाही.

मोबाईलचा एकच स्पीकर दोन्ही चॅनेलची बेरीज करतो. अधिक आणि उणे, शून्य. एफएमचंही तसंच आहे: मुख्य भागात डावा अधिक उजवा जातो, दोघांतला फरक 38 किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे सोबतच्या वेगळ्या लहरीवर. साध्या मोनो रेडिओला फक्त बेरीज मिळते. गाडीतला संच स्टिरिओ असतो, पण सिग्नल क्षीण झाला की खरखर टाळायला तो आपणहून मोनोकडे झुकतो, म्हणून तुमच्या बाई वळणावर गप्प होतात. तुमचं निवेदन दोन्ही चॅनेलमध्ये सारखंच आहे, त्याला धक्का लागत नाही.

खात्री करायला ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईल उघडा आणि एखाद्या शब्दाच्या सुरुवातीला इतकं झूम करा की लाटा सुट्या दिसतील. वरची लाट चढते त्याच क्षणी खालची उतरत असेल तर प्रश्न मिटला. ट्रॅकच्या मेनूतून स्टिरिओ तोडून दोन मोनो करा, एक उडवा. झालं.

केबल लांब होती आणि मागे गुणगुण असेल तर मात्र उडवू नका. एका ट्रॅकला इन्व्हर्ट (लाट उलटी करणारा इफेक्ट) लावा, दोन्ही 6 डेसिबलने उतरवा आणि मग एकत्र करा. विजेची गुणगुण दोन्ही तारांत सारखी शिरलेली असते, त्यामुळे एक बाजू उलटवल्यावर बरीचशी तीच कटते आणि बोलणं उरतं. बॅलन्स्ड केबलचं अख्खं कामच हे.

आमचं खरं नुकसान केबलने नाही केलं. ज्या कार्यालयात भाग जमा करायचा होता तिथून दर वेळी एकच उत्तर: 'फाईल करप्ट आहे, मोनोत पाठवा, आवाज वाढवा.' तिथल्या कुणीही एकदासुद्धा हेडफोन काढून स्पीकरवर ऐकलं नाही, की दोन चॅनेल बघितले नाहीत. आम्हीही शहाणे: मोनो केली, आवाज वाढवला, पुन्हा पाठवली, आणि जागा हवी म्हणून कार्ड पुसलं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओचा एक तास म्हणजे साधारण 1 जीबी. तेवढ्यासाठी मुलाखत गेली.

वाढवलेल्या आवाजाने फसू नका. एक चॅनेल दुसऱ्यापेक्षा 1 डेसिबलने कमी असेल तर बेरजेत सुमारे 19 डेसिबल खाली, विहिरीतून आल्यासारखं बोलणं उरतं. ते वर ओढलं की खोलीचा सगळा कचरा सोबत येतो. असले अवशेष 'दुरुस्त' करणारी सॉफ्टवेअरं एखादा शब्दच बदलून ठेवू शकतात. गोष्टींच्या कार्यक्रमात एक वेळ चालेल, विज्ञानाच्या नाही.

मूळ फाईल गेलीच असेल तर केंद्राला विचारा. सामुदायिक रेडिओला प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. तुम्ही पाठवलेली प्रत स्टिरिओ होती, त्यातून बोलणं निघेल, फक्त खाली संगीत असेल. आमची तिथली प्रत मोनोच होती.

पुन्हा मुलाखत घ्यायची वेळ आली तर पहिल्या वेळचा उत्स्फूर्तपणा वठवायला लावू नका, कान लगेच पकडतो. गेलेला मजकूर निवेदनात घ्या आणि त्यांच्याकडून दोनच नवी वाक्यं घ्या.

आता विषय निघालाच आहे तर, लोणारचं वय सांगणारं त्यांचं वाक्य कापताना जपा. 52 हजार वर्षं हा जुना आकडा, ल्युमिनेसन्स (खनिजांतून निघणारा प्रकाश मोजून वय काढायची) पद्धतीचा. खडकातल्या आर्गॉन वायूवरून काढलेला 5 लाख 70 हजारांच्या आसपास. वेळ वाचवायला 'सुमारे' आणि 'एका पद्धतीनुसार' आधी कापले जातात, आणि मग पत्रं येतात. व्यास 1.8 किलोमीटर सांगण्यापेक्षा काठाने फेरी साधारण पावणेसहा किलोमीटरची पडते हे सांगा, ऐकणाऱ्याचे पाय दुखले पाहिजेत.

केबल फेकू नका. एखाद्या साउंडवाल्याकडून सोल्डर बदलून घ्या: पिन 2 साडेतीन मिलिमीटरच्या पिनेच्या टिप (टोक) आणि रिंग (मधलं कडं) दोन्हीला, पिन 1 आणि 3 बाहेरच्या स्लीव्हला (बुडाच्या भागाला). मिक्सरच्या आउटपुटला मात्र ही लावू नका, पिन 3 अर्थिंगला जोडलेली काही मिक्सरना सोसत नाही. केबलच्या डोक्याला लाल टेप गुंडाळून त्यावर 'फक्त माइक' लिहून ठेवा.