रिपोर्टमधले पांढरे ठिपके आणि बाबांच्या पाठीवरच्या गाठी

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही तासगावजवळच्या एका गावातले, घरची द्राक्षबाग आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, पहिलीत. अंगावर लहानपणापासून चहाच्या रंगाचे डाग आहेत, सासूबाई म्हणायच्या ग्रहणात मी काहीतरी चिरलं असणार. शाळेतल्या बाई म्हणाल्या एका जागी बसत नाही, लक्ष लागत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी डाग मोजले आणि मेंदूचा एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये 'मल्टिपल टी-टू हायपरइंटेन्स फोसाय' लिहिलंय आणि खाली 'एनएफ-वन'. रिपोर्ट देणारा काउंटरवरचा माणूस म्हणाला डोक्यात बऱ्याच गाठी दिसतात, लगेच पुण्याला न्या. चार दिवस झाले घरात कोणी नीट जेवलं नाही. ऑपरेशन लागेल का? शेक द्यावा लागेल का? आणि आमच्या ह्यांच्या पाठीवर लग्नाआधीपासून मऊ मऊ गाठी आहेत, त्याचा ह्याच्याशी काही संबंध?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर: ताई, आधी सगळे जेवून घ्या. मग वाचा.

तुम्ही रिपोर्टचे फोटो पाठवले ते बरं केलंत, मी दोनदा वाचले, आणि त्यात 'गाठ' हा शब्द कुठेच नाहीये. तो काउंटरवर तयार झालाय. आम्ही रेडिओलॉजिस्ट लोक रिपोर्ट लिहितो तो दुसऱ्या डॉक्टरसाठी, आणि मधल्या मध्ये तो आईच्या हातात पडतो, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे, माझ्याकडूनही झालेली आहे.

टी-टू म्हणजे एमआरआयचा असा फोटो की ज्यात पाणी पांढरं दिसतं. मेंदूतल्या तारांना मायलिनचं कोटिंग असतं, वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. एनएफ-वन म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप वन, जीनमधल्या बिघाडामुळे होणारा जन्मजात आजार, ज्यात अंगावर चहाच्या रंगाचे डाग आणि मऊ गाठी येतात. तो असलेल्या मुलांमध्ये काही जागी त्या कोटिंगच्या पदरांत थोडं पाणी साठतं असं समजलं जातं, आणि तेवढी जागा फोटोत चमकते, तेच हे पांढरे ठिपके, रिपोर्टातले 'हायपरइंटेन्स फोसाय'. बहुतेक वेळा मेंदूच्या खोल भागात, ज्याला बेसल गँगलिया म्हणतात तिथे, नाहीतर थॅलॅमस, लहान मेंदू, ब्रेनस्टेम इथे. पूर्वी डॉक्टरांनाही हे काय आहे ते कळत नव्हतं म्हणून नावच पडलं होतं यूबीओ, अनआयडेंटिफाइड ब्राइट ऑब्जेक्ट, म्हणजे उडत्या तबकडीचा धाकटा भाऊ. एनएफ-वन असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांत हे सापडतात. तुमच्या मुलाच्या वयात ते भरात असतात आणि वयात येता येता फिके पडत जातात, विशीत बऱ्याच जणांत शोधून सापडत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही, काहीच करायचं नसतं.

आता ठिपका आणि गाठ ह्यात फरक कसा करतो, तर गाठ शेजाऱ्याला ढकलते, ठिपका ढकलत नाही. आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर ठिपका ते पीत नाही, गाठ बऱ्याचदा पिते (नेहमी नाही, म्हणून दोन्ही गोष्टी बघायच्या). तुमच्या रिपोर्टमध्ये 'नो मास इफेक्ट' (ढकलत नाही) आणि 'नो एनहान्समेंट' (इंजेक्शन पीत नाही) असं स्पष्ट लिहिलंय. पानभर रिपोर्टात सगळ्यात कामाच्या त्याच दोन ओळी आहेत आणि त्या तुम्हाला कोणी वाचून दाखवल्या नाहीत. एखादा ठिपका मोठा वाटला किंवा आकार विचित्र वाटला तर सहा महिने-वर्षानी परत फोटो काढून बघतात, तुमच्याकडे तशी शंका लिहिलेली नाही.

खरी नजर ठेवायची ती डोळ्यांवर. एनएफ-वनच्या साधारण 15 ते 20 टक्के मुलांना डोळ्याच्या नसेवर ऑप्टिक ग्लायोमा नावाची गाठ येते, आणि ती बहुतेक सहा-सात वर्षांच्या आत दिसते. तुमच्या रिपोर्टमध्ये ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) आणि कायाझम (दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात ती जागा) नॉर्मल आहेत, म्हणजे आत्ता ती नाही. आली तरी निम्म्याहून जास्त मुलांत ती नुसती बसून राहते, उपचार लागत नाहीत. पण दर वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ड्रॉप टाकून पूर्ण तपासणी करायची, नुसता बोर्ड वाचून घेणं पुरत नाही कारण लहान मूल एका डोळ्याने कमी दिसलं तरी सांगत नाही. मध्येच तिरळेपणा आला, एक डोळा पुढे आल्यासारखा वाटला, किंवा वयाआधी उंची भराभर वाढून वयात यायची लक्षणं दिसली तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. डोक्यातल्या ज्या जागेवरून वयात येण्याची घंटा वाजते ती ह्याच नसेच्या शेजारी आहे.

शेक म्हणजे रेडिएशन, त्याचं विचारलंत. ह्या मुलांना गाठ असली तरी रेडिएशन शक्यतो टाळतात, केमो वापरतात. कारण ह्या आजारात 17 व्या क्रोमोसोमवरचं एक जीन बिघडलेलं असतं, त्याचं काम पेशींच्या वाढीला ब्रेक लावायचं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उतारावर आहे आणि ब्रेक अर्धा गेलाय, अशी प्रत्येक पेशीची गत. त्यात रेडिएशन दिलं तर पुढे नवीन गाठी होण्याची आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याची भीती जास्त. एमआरआयमध्ये मात्र रेडिएशन नसतं, ती काळजी नको.

शाळेचं म्हणाल तर एनएफ-वनच्या जवळजवळ निम्म्या मुलांना अभ्यासात काही ना काही अडतं, लक्ष न लागणं हे त्यात नेहमीचं. पण ठिपके किती ह्यावरून मूल किती हुशार हे काढता येत नाही. थॅलॅमसमधल्या ठिपक्यांचा काही संबंध असावा असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही दिसलं. तुम्ही ठिपके मोजत बसू नका, बाईंना भेटा, पुढच्या बाकावर बसवा, आणि लक्ष लागण्याची रीतसर तपासणी करून घ्या कारण त्याला उपाय आहेत.

आणि आता ह्यांच्या पाठीवरच्या गाठी. ताई, तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत. त्यांना घेऊन जा. 15 मिलिमीटरपेक्षा मोठे तसेच तपकिरी डाग सहा किंवा जास्त आहेत का, काखेत बारीक ठिपके आहेत का, डोळ्याच्या बुबुळावर मशीनखाली बारीक गाठी दिसतात का, हे अर्ध्या तासात कळतं. ब्लडप्रेशर पण मोजा, ह्या आजारात ते वेगळ्या कारणांनी वाढू शकतं. त्यांना एनएफ-वन निघाला तर 2021 च्या सुधारलेल्या निकषांप्रमाणे मुलाचे डाग आणि वडिलांचा आजार एवढ्यावर मुलाचं निदान पक्कं होतं. प्रत्येक बाळंतपणाला शक्यता अर्धी-अर्धी, मुलगा असो की मुलगी. ह्यांना नसेल तरीही घाबरू नका, निम्म्या पेशंटच्या घरात आधी कोणालाच नसतो. ग्रहणात तुम्ही काय चिरलं ह्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही, सासूबाईंना हे वाचून दाखवा, आणि डाग तुमच्या मुलाकडे त्यांच्या मुलाकडून आले असतील हे जरा गोड शब्दांत सांगा.

प्रश्न: मी 29 वर्षांची, कराडची. मलाच एनएफ-वन आहे, लग्न ठरलंय, होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलंय. मला दर वर्षी मेंदूचा एमआरआय करावा लागेल का?

उत्तर: नाही. काही त्रास नसेल तर मोठ्या माणसाला दर वर्षी फोटो काढायचं कारण नाही. नवीन प्रकारची डोकेदुखी, फिट, हातापायात अशक्तपणा, नजर कमी होणं, असं काही झालं तर मात्र लगेच. तुमच्यासाठी मेंदूपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती सहसा कोणी बोलत नाही: एनएफ-वन असलेल्या बायकांना स्तनाचा कॅन्सर कमी वयात होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तिशीपासून दर वर्षी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) सांगतात, म्हणजे तुम्हाला पुढच्या वर्षीपासून. गरोदरपणात अंगावरच्या गाठी वाढू शकतात. बाळाची तपासणी आधी करून घ्यायची असेल तर तुमच्या जीनमधला बिघाड नेमका कुठला ते दिवस जायच्या आधी शोधून ठेवावं लागतं, म्हणून लग्नाच्या खरेदीतून वेळ काढून जेनेटिक्सवाल्या डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: माझ्या भाच्याला फिट्स येतात, एमआरआयमध्ये 'ट्युबर्स' निघाले. ताई म्हणते टीबी आहे. हे पण वयानुसार जातात का? – मिरज

उत्तर: टीबी नाही, नावाचा घोटाळा आहे. हा ट्युबरस स्क्लेरोसिस, वेगळाच आजार, वेगळी जीन्स. ट्युबर म्हणजे कंद, बटाट्यासारखा घट्ट भाग, आणि ते वरच्या ठिपक्यांसारखे जात नाहीत, फिट्स बऱ्याचदा तिथूनच निघतात. त्याच्या अंगावर पानाच्या आकाराचे पांढरट डाग असतील बघा, लोक कोड समजतात. त्याला मात्र एमआरआय ठरावीक काळाने लागतोच, 25 वर्षांपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी, कारण मेंदूतल्या पाण्याच्या वाटेवर एक गाठ वाढून वाट अडवू शकते. टीबीच्या गोळ्या कोणी सुरू केल्या असतील तर आजच मेंदूच्या डॉक्टरांना फाइल दाखवा, आणि फिट्सच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका.