क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) गेल्याने कंपनीची माहिती जास्त सुरक्षित होते की कमी?

सर्व्हर रूमचं कुलूप, बिघडलेल्या डिस्क, वीज गेली तर काय, या कटकटी संपतात. ही कामं मोठे क्लाउडवाले बहुतेक कंपन्यांपेक्षा चांगलीच करतात. पण कोणाला कुठला ॲक्सेस द्यायचा, कुठलं स्टोरेज बाहेरून उघडं आहे, लॉग (कोणी कधी काय केलं याची नोंद) कोण बघतंय, हे तुमच्याच गळ्यात राहतं. याला 'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी', म्हणजे वाटून घेतलेली जबाबदारी, म्हणतात. (करारावर सही करण्याआधी हे वाचतं कोण, हा वेगळा प्रश्न.)

२०१९ चं कॅपिटल वन बँकेचं प्रकरण बघा. डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता, फायरवॉलचं (बाहेरून येणारी नको ती रहदारी अडवणाऱ्या यंत्रणेचं) सेटिंग चुकलेलं. त्या फटीतून हल्लेखोराने तात्पुरत्या ॲक्सेस की (आत शिरण्याच्या डिजिटल किल्ल्या) मिळवल्या. त्या किल्ल्यांना गरजेपेक्षा जास्त अधिकार होते, त्यामुळे स्टोरेजमधला डेटा आरामात डाउनलोड झाला. अमेरिका आणि कॅनडा मिळून १० कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. डेटा एन्क्रिप्ट केलेला (सांकेतिक रूपात बदललेला) होता, तरी त्याच ॲक्सेसने तो उलगडताही आला! पुढच्या वर्षी ८ कोटी डॉलरचा दंड झाला, तोही बँकेला, ॲमेझॉनला नाही.

म्हणून माझं मत: ज्यांच्याकडे धड बॅकअपही नाही, त्यांनी जरूर जावं. फक्त ॲडमिन खात्यांना मल्टी-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत ओटीपीसारखा आणखी एक पुरावा) पहिल्याच दिवशी लावा, प्रत्येक खात्याला लागतील तेवढेच अधिकार द्या आणि नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद करा. हे शेवटचं काम बऱ्याचदा राहून जातं.