४० लिटरच्या नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिला मासा कधी सोडावा?
चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच. कोरडे (जिवाणू नसलेले) खडक असतील तर साधारण चार ते सहा आठवडे धरा. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. पाणी नितळ दिसते म्हणून ते माशांसाठी तयार झाले असे मुळीच नाही, आणि अनेक नवे मासे याच घाईत मरतात. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचे माप) १.०२५, तापमान २५-२६ अंश सेल्सिअस ठेवा. जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दशलक्षात दोन भाग) न्या. एवढा डोस २४ तासांत संपला, नायट्राइटही उरले नाही, की पाणी बदलून नायट्रेट उतरवा आणि एकच छोटा क्लाउनफिश सोडा. दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. टँग (मोठी टाकी लागणारा मासा) अजिबात नको. जिवंत खडक (ज्यांवर हे जिवाणू आधीच असतात) वापरल्यास मुदत बरीच घटते, चाचणी मात्र तेव्हाही हवीच.