‘तत्रैव’ म्हणजे ‘तिथेच’, ‘तोच’ नव्हे

प्रश्न ठाण्याच्या एका पदवीच्या विद्यार्थिनीचा आहे. खाडीकाठच्या मिठागरांवर तिचा शोधनिबंध चालू आहे. एकाच ग्रंथाचा संदर्भ लागोपाठ आला की तळटिपेत ग्रंथाचं नाव पुन्हा न देता ‘तत्रैव’ लिहितात. तिनंही तसंच केलं, पण मार्गदर्शकांनी तीन तळटिपांवर लाल रेघ ओढून समासात लिहिलं, ‘इथे तत्रैव चालणार नाही’. ग्रंथ तर तोच आहे, मग का चालणार नाही, आणि त्याऐवजी ‘उ. नि.’ हा दुसरा प्रचलित संक्षेप लिहावा का, असं ती विचारते.

उत्तर शब्दाच्या पोटातच आहे. तत्र म्हणजे तिथे, एव म्हणजे च. संधी होऊन तत्रैव, म्हणजे तिथेच. लॅटिनमधल्या ‘इबिडेम’चा, इंग्रजी प्रबंधांतल्या ‘इबिड.’चा अर्थही हाच. हा शब्द जागा दाखवतो, माणूस किंवा वस्तू नाही. ‘तलावपाळीला भेटलो, मग गोखले रोडला गेलो आणि तिथेच चहा घेतला’ असं म्हटलं तर चहा गोखले रोडला झाला. तो तलावपाळीला झाला असेल तर तलावपाळीचं नाव पुन्हा घ्यावं लागतं. तळटिपांचंही असंच आहे. तत्रैव फक्त लगेच वरच्या टिपेकडे बोट दाखवतो, त्याच्या पलीकडे त्याचा हात पोचत नाही.

‘तोच’ या अर्थाचा शब्द आपल्याकडे जुना आहे. याद्यांमध्ये, हिशेबांत वरचीच बाब पुन्हा आली की ‘कित्ता’ लिहीत. बरेच विद्यार्थी तत्रैव हा शब्द कित्त्यासारखा वापरतात आणि तिथेच फसतात.

नमुना पाहू (पृष्ठांक केवळ समजावण्यापुरते):

१. जेम्स कॅम्पबेल (संपा.), ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’, खंड १३, भाग १, गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, मुंबई, १८८२, पृ. ३६०.
२. तत्रैव, पृ. ३६४
३. तत्रैव

तिसऱ्या टिपेत पान दिलेलं नाही, म्हणजे पान ३६४ धरायचं, ३६० नव्हे. नुसता तत्रैव पानासकट सगळं उचलतो.

विद्यार्थिनीनं पाठवलेल्या टिपांत घोटाळे मात्र तीन प्रकारचे आहेत. पहिला खंडाचा. ठाण्याचं गॅझेटिअर हे एक पुस्तक नाही. खंड १३ दोन भागांत आहे आणि स्थळवर्णनाचा खंड १४ वेगळा, सगळे १८८२चेच. खंड १४ मधली माहिती ‘तत्रैव, पृ. ११२’ अशी दिली, की वाचक खंड १३ उघडून भलतंच पान वाचतो. ‘तत्रैव, खंड १४’ अशी सवलत काहीजण घेतात, पण नोंद पुन्हा नावानिशी केलेली बरी. ग्रंथालयात टिपणं काढतानाच प्रत्येक कागदाच्या डोक्यावर खंड आणि भाग लिहून घ्यावा, नंतर आठवत नाही. दुसरा घोटाळा: वरच्या एकाच टिपेत दोन ग्रंथ आहेत, मग ‘तिथेच’ म्हणजे दोघांपैकी कुठे? तिथे तत्रैव वापरायचाच नाही.

तिसरा सगळ्यांत जास्त आढळतो आणि तो अज्ञानातून येत नाही, संगणकातून येतो. वर्डमध्ये मध्येच नवी तळटीप घातली की पुढचे क्रमांक आपोआप सरकतात. तत्रैव मात्र जागच्या जागी राहतो आणि नव्या, भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. म्हणून कच्च्या खर्ड्यात तत्रैव लिहूच नये. पहिल्या पूर्ण नोंदीनंतर प्रत्येक वेळी ‘कॅम्पबेल, खं. १३ भा. १, पृ. अमुक’ असंच लिहावं. मार्गदर्शकांची शेवटची दुरुस्ती झाली की मग बदल करावा, तोही शेवटच्या टिपेपासून वर येत. वरून खाली गेलं तर ज्या टिपेशी ताडून पाहायचं तिचाच आधी तत्रैव झालेला असतो. नव्या प्रकरणाची पहिली टीप नेहमी पूर्ण द्यावी.

‘उ. नि.’ म्हणजे उपरिनिर्दिष्ट, वर कुठेतरी निर्देश आलेलं. (कुणी ‘उपरोक्त’ही लिहितात, उपरि आणि उक्त यांचा संधी ‘उपर्युक्त’ होतो.) मध्ये दुसरे ग्रंथ येऊन गेल्यावर ‘कॅम्पबेल, उ. नि., पृ. ३७०’ अशी त्याची जागा. पण कॅम्पबेल हे या गॅझेटिअरच्या इतरही खंडांचे संपादक, तेव्हा उ. नि. नेमका कुठला? माझं मत स्पष्ट आहे: उ. नि. सोडून द्यावं आणि लेखक, आखूड शीर्षक, पान एवढं लिहावं. संदर्भ कसे द्यावेत हे सांगणाऱ्या ‘शिकागो’ या इंग्रजी नियमावलीच्या २०१७च्या सतराव्या आवृत्तीनंही ‘इबिड.’पेक्षा आखूड नोंदच पसंत केली आहे.

महाविद्यालयानं एपीए किंवा एमएलए पद्धत सांगितली असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तिथे संदर्भ तळटिपेत नाही, मजकुरातच कंसात देतात, म्हणून तत्रैव नाही. नवी मुंबईची कल्पना मांडणारं चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांचं ‘मार्ग’ या नियतकालिकातलं लेखन एपीए पद्धतीनं द्यायचं तर कंसात (कोरिआ आणि इतर, १९६५), आणि दहा वेळा आलं तर दहा वेळा तसंच. तिघे लेखक असले की ‘आणि इतर’ पहिल्या उल्लेखापासून चालतं. शेवटच्या संदर्भसूचीत मात्र तिघांचीही नावं द्यायची. सूचीत तत्रैव तर कुठल्याच पद्धतीत येत नाही. सूची अकारविल्हे लागते, तिथे ‘वरची टीप’ असं काही नसतंच.

दोन बारकावे राहिले. ‘इबिड.’पुढे टिंब येतं कारण तो संक्षेप आहे. तत्रैव पूर्ण शब्द आहे, त्यानंतर पान द्यायचं असेल तर स्वल्पविराम द्यावा. टिंबाचं कारण नाही. आणि तिच्या सातव्या टिपेत ‘तथैव’ पडलं आहे. तथैव म्हणजे ‘तसंच’. शब्द बरोबर असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस त्याखाली लाल रेघ ओढणार नाही, तेवढा डोळ्यांनीच शोधायचा.